नाका गेला, नंबर आला



आमच्या गटातल्या एका ताईने नुकतीच स्कूटर घेतली. बचत गटाचे कर्ज काढून, घरात दोन महिने वाद घालून घेतली. शिवलेले कपडे पंचवटीत पोचवायचे तर एसटीच्या वेळा जमत नाहीत, म्हणून. गाडीच्या कागदावर किंमत ८०,००० रुपये, नोंदणी फी ३०० रुपये आणि रोड टॅक्स जवळजवळ ९,००० रुपये. नवी गाडी घेऊन ती पेठ रोडने गावाकडे निघाली. फाट्यापर्यंत रस्ता बरा होता. फाट्यापासून गावापर्यंतच्या दोन किलोमीटरांत मात्र सगळा वेळ पाय जमिनीला टेकवतच गेला. दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने सरळ विचारले, "रोडच्या नावाने माझ्याकडून नऊ हजार घेतले. तो रोड कुठला?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. मग आम्ही चौघी-पाचजणी जुनी गॅझेटियर आणि कायद्यांची पुस्तके घेऊन बसलो. हाती लागले ते तुम्हाला सांगतो.

पंचवटीत नाक्यांशिवाय कोणाला पत्ता सांगता येत नाही. पेठ नाका, दिंडोरी नाका, आडगाव नाका. रिक्षावालाही तेवढेच विचारतो, "कोणता नाका?" आज तिथे चहाच्या टपऱ्या आहेत, सिग्नल आहेत. पण नाका म्हणजे मुळात गावाच्या तोंडाशी पैसे वसूल करण्याची जागा. आत येणाऱ्या मालावर घेतात ती जकात, आणि रस्ता वापरल्याबद्दल घेतात तो पथकर, म्हणजे टोल. मुंबई इलाख्यात सरकारी रस्त्यांवर आणि पुलांवर टोल बसवण्याचा कायदा १८७५ सालचा आहे. गाडी आली की आडवा बांबू, पैसे दिले की बांबू वर. घोटी आणि पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यांवर आज फास्टॅगने चालते तेच, फक्त बैलांच्या मागे.

त्या काळी रस्त्याच्या पैशाची आणखी एक वाट होती, ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. शेतकरी सारा भरायचा, त्यातल्या दर रुपयामागे एक आणा जास्तीचा घेतला जायचा. हा लोकल फंड. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्याची वाटणी ठरलेली होती: दोन तृतीयांश रस्त्यांच्या फंडाला, एक तृतीयांश शाळांच्या फंडाला. आण्याचे बारा पै. म्हणजे आठ पै रस्त्याला, चार पै शाळेला. याच्या जोडीला टोलचा फंड, नावेच्या उताऱ्याचा फंड आणि कोंडवाड्याचा फंडही होता. कोणाची म्हैस दुसऱ्याच्या शेतात शिरून कोंडवाड्यात गेली, तर तिला सोडवायचे पैसेसुद्धा स्थानिक कामांना जात.

हे ऐकून "काय सुंदर राज्य होते" असे कोणी म्हणू नये. पैसा गोळा करणारे इंग्रज, खर्च ठरवणारे त्यांचे कलेक्टर. १८८४ पासून लोकल बोर्डे आली, त्यांत गावचे जमीनदार आणि वकील बसू लागले, पण बाईला तिथे उभे राहायचीही सोय नव्हती. रस्तेही आधी बाजाराचे, रेल्वे स्टेशनाचे आणि साहेबाच्या दौऱ्याचे होत. डोंगरातल्या पाड्यांकडे कोण बघतो? तरी एक गोष्ट होती. साऱ्याच्या पावतीवरचा एक आणा कुठे जातो, हे विचारले तर उत्तर होते. आठ पै रस्त्याला.

मग मोटार आली.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती खडीच्या रस्त्याला कापते, चाकोरी पाडते. मोटारीचे रबरी चाक कापत नाही, पण वेगाने जाताना खडीच्या फटींतली बारीक माती उपसून काढते. मातीच खडीला धरून ठेवत असे. माती उडाली की खडी सुटी झाली. मोटारीमागे उडणारी धूळ म्हणजे उडून चाललेला रस्ताच. या रस्त्यांना डांबर हवे होते, आणि एका आण्यात डांबर येत नव्हते.

मोटारींची नोंदणी देशभर सक्तीची केली ती १९१४ च्या कायद्याने. रस्त्याच्या पैशाचा देशपातळीवर विचार करायला मात्र १९२७ साल उजाडले. त्या वर्षी एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्ष आपलेच, मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. जयकर समितीने १९२८ मध्ये सांगितले की रस्त्यांचा भार आता लोकल बोर्डांना आणि प्रांतांना एकट्याने पेलणारा नाही, देशाने हातभार लावला पाहिजे. पैसा कुठून आणायचा? पेट्रोलवर कर, वाहनांवर कर आणि भाड्याने चालणाऱ्या गाड्यांची परवाना फी, असे तीन मार्ग त्यांनी दाखवले. जो रस्ता जास्त वापरतो त्याने जास्त द्यावे, हे त्यामागचे साधे गणित. १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जास्तीचे घेऊन त्याचा वेगळा रस्ता फंड सुरू झाला.

वाहनावरच्या कराचे काम प्रांतांकडे होते. मुंबई इलाख्याने १९३५ साली मोटार वाहन कराचा कायदा केला, आणि आमच्या ताईच्या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे तिथे सापडते. तोपर्यंत गाडीवाल्याला एका गावच्या नगरपालिकेचा चाककर, दुसऱ्या गावचा टोल, तिसऱ्या ठिकाणी पुलाचे पैसे, असे मोजत जावे लागे. दर नाक्यावर थांबा, दर नाक्यावर हुज्जत. नव्या कायद्याने ते बंद केले. गाडी जिथे नोंदवली तिथे एकदा कर भरा आणि इलाखाभर फिरा. नगरपालिका आणि लोकल बोर्डांचे टोल आणि गाड्यांवरचे कर गेले. त्यांचे बुडालेले उत्पन्न भरून निघावे म्हणून सरकारने मोटार कराच्या उत्पन्नातून त्यांना दरवर्षी रक्कम द्यायची, असे ठरले.

गाडीवाल्यांची सोय झाली हे खरे, आणि नाक्यावरची चिरीमिरीही गेली असेल. पण यात एक गाठ सुटली. नाका गावाच्या हातात होता, कर मुंबईच्या हातात गेला. गावाला मिळू लागली ती भरपाई, आणि भरपाई ठरते मागच्या उत्पन्नावरून. गाड्या दहापट झाल्या म्हणून ती आपोआप दहापट होत नाही. आमच्या मते गावच्या रस्त्याची परवड इथून सुरू झाली. कोणी लबाडी केली म्हणून नव्हे, सोयीपायी झाली.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही हेच घडले. तिथे १९२० च्या कायद्याने मोटारींचा कर खास रस्त्यांसाठी वेगळा ठेवला होता. काही वर्षांतच अर्थमंत्री चर्चिलने त्या फंडात हात घातला आणि १९३७ मध्ये वेगळे ठेवणेच संपले. भरलेल्या डब्यात हात घालायचा मोह घरात होतो, तसाच सरकारातही होतो.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये मोटार वाहन कराचा नवा कायदा झाला. आज आपण भरतो तो रोड टॅक्स त्याच कायद्याखाली. त्याच १९५८ सालच्या ग्रामपंचायतीच्या कायद्यात पंचायतीने कोणते कर बसवावेत याची यादी आहे. त्यात सायकलवरचा कर आहे. जनावरांनी ओढायच्या वाहनांवरचा कर आहे. मोटारीवरचा नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंच्या डब्यात अजून सायकलचा बिल्ला आहे, पत्र्याचा, मधोमध भोक पाडलेला. वर्षाला कर भरला की पंचायत नवा बिल्ला द्यायची. म्हणजे गवताचा भारा नेणारी बैलगाडी आणि शाळेत जाणारी सायकल यांच्यावर पंचायत कर बसवू शकते. वाळूच्या ट्रकवर नाही.

आणि रस्ता कोण मोडते? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक चालवून पाहिले. निघाले असे की आसावरचे, म्हणजे ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. आमच्या ताईच्या स्कूटरने रस्त्याला ओरखडाही उमटत नाही. एका ओव्हरलोड डंपरने एका रात्रीत कडा खचतात.

आता त्या नऊ हजारांकडे येऊ. स्कूटर घेताना दोन वेगळे पैसे भरले जातात. नोंदणी फी नंबराबद्दल आणि कागदांबद्दल. दुचाकीला ३००, चारचाकीला ६००. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करताना दुचाकीला १,००० आणि चारचाकीला ५,०००. आणि दुसरा तो रोड टॅक्स, दुचाकीला किमतीच्या १० ते १२ टक्के, एकदाच. पंचवटीतले पेठ रोडवरचे आरटीओ कार्यालय हे पैसे राज्य सरकारसाठी जमा करते. एमएच १५ हा नंबर नाशिकचा असला तरी पैसे नाशिकचे राहत नाहीत. ते राज्याच्या तिजोरीत जातात, आणि तिजोरीतून रस्ता, पगार, दवाखाने, व्याज असे सगळेच भागते. रोड टॅक्स हे नाव आपण वापरतो, कायद्यात तो मोटार वाहन कर आहे. नावातल्या रोडवर फार भरवसा ठेवता येत नाही.

पण या इतिहासात एक पान असे सापडले की आम्ही सगळ्याच थोडा वेळ गप्प बसलो.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. सिन्नर, येवला, चांदवड, नांदगावकडे खडी फोडायला कोण बसले होते? आपल्याच आया, सासवा. लाल मिलोची भाकरी, सुखडी, आणि दिवसभर हातोडी. बोटांना चिंध्या बांधून. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेला पैसा लागणार होता, त्यासाठी राज्याने वेगळे कर बसवले. नोकरदारांचा व्यवसाय कर सगळ्यांना माहीत आहे. त्याच यादीत बागायती जमिनीवरची आकारणी होती, विक्रीकरावरची वाढ होती, आणि मोटार वाहनांवरचा जादा करही होता. जेवढे या करांतून जमेल तेवढेच सरकारने आपल्याकडून घालायचे, असा नियम.

म्हणजे मुंबईत मोटार फिरवणाऱ्याच्या करातला काही भाग कामावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला लागला. आणि कामाच्या मापावर दर होता, त्यामुळे बाईला कमी आणि पुरुषाला जास्त असा भेद नियमात नव्हता. नाक्यावरच्या टोलनेही हे कधी साधले नव्हते. तेव्हा "कर वर गेला, बुडाला" असे आम्हाला सरसकट म्हणता येत नाही. वर गेलेला पैसा नाव लावून खाली आणता येतो, ते एकदा करून दाखवले आहे. वाद आहे तो नाव लावण्याचा.

मोठ्या रस्त्यांना नाव लावणारे भेटतात. सिंहस्थ आला की नाशिकला रस्ते होतातच. २०१५ ला झाले, २०२७ साठी होत आहेत. तपोवनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर पडताना पाहून आमची एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या पाड्यावर पण एखादी पर्वणी ठेवा." बांधायला पैसा निघतो, राखायला निघत नाही, ही जुनीच रड. फीत डांबरीकरणाला कापतात, गटार उपसायला कोणी फीत कापत नाही. आणि रस्ता मरतो तो बहुधा पाण्यानेच. बाजूचा चर बुजला, पाणी रस्त्यावर आले, की पुढच्या पावसाळ्यात खड्डा ठरलेला.

मग सध्या गावच्या रस्त्याला पैसा कुठून येतो? २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेला डिझेलवरच्या उपकरातला हिस्सा ठेवला होता, जयकरांच्या दोन आण्यांचीच ही नात. या योजनेत रस्ता झाल्यावर पाच वर्षे दुरुस्ती त्याच ठेकेदाराने करायची असते, आणि रस्त्याच्या तोंडाशी तसा फलक लावायचा असतो. बाकीच्या रस्त्यांना जिल्हा परिषद आहे. १९४३ मध्ये नागपूरला इंजिनिअरांची परिषद भरली, तिने रस्त्यांच्या जाती पाडल्या, त्या अजून चालतात: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे. दगडावर "इ.जि.मा." किंवा "ग्रा.मा." आणि पुढे आकडा दिसला की समजावे.

आमच्या ताईने परवा तसा दगड शोधला. फाट्यावर, बाभळीखाली, अर्धा मातीत गेलेला. खुरप्याने माती काढली तेव्हा "ग्रा.मा." एवढे दिसले, आकडा पुसला होता. पलीकडे योजनेचा फलकही होता. त्यावर रस्त्याची लांबी आणि रक्कम वाचता आली, आणि दुरुस्तीच्या मुदतीची तारीखही. ती मुदत संपायला अजून चौदा महिने आहेत. तिने फलकाचा फोटो काढला आहे, आणि पुढच्या ग्रामसभेत तो घेऊन आम्ही सहाजणी जाणार आहोत.

तुमच्या रस्त्याच्या फलकावर कोणती तारीख आहे, तेवढे आम्हाला लिहून कळवा.