खेळत राहिलेले शिक्षक : प्रा. दि. ब. देवधर

मराठीत खेळ शिकवणाऱ्यासाठी जुना शब्द आहे तो वस्ताद. हा उस्तादाचाच अपभ्रंश. कुस्तीच्या आखाड्याला आपण तालीम म्हणतो, आणि तालीम या शब्दाचा मूळ अरबी अर्थच मुळी शिक्षण असा आहे. म्हणजे कुस्तीला आपल्या भाषेने शाळाही दिली आणि शिक्षकही दिला. क्रिकेटच्या वाट्याला मात्र असा शब्द आला नाही. प्रशिक्षक हा शब्द पुष्कळ पुढचा, आणि कोच हा तर सरळ उचललेला. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात क्रिकेट शिकवणाऱ्याला काय म्हणत, असे कोणी विचारले तर उत्तर द्यायला आपण अडखळतो, कारण तशी जागाच तेव्हा नव्हती. ही जागा नसल्यामुळे एका खेळाडूची कारकीर्द कशी घडली, हे पाहणे हा या टिपणाचा हेतू आहे.

शिकवणाऱ्यावाचून खेळ शिकता येतो, यात नवल काही नाही. रेवदंड्याहून मुरूडकडे जाताना काशीद लागते. तेथल्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, ओल्या वाळूची घट्ट पट्टी उघडी पडली, की टेनिसच्या चेंडूचा खेळ सुरू होतो. वाळू चेंडूला किती उसळी देते हे पोरांना कोणी सांगितलेले नसते; थोरल्याचे पाहून धाकटा शिकतो आणि भरतीचे पाणी आले की शाळा सुटते. शंभर वर्षांपूर्वी पुण्यामुंबईच्या मैदानांवर मैदान वेगळे आणि चेंडू वेगळा असला, तरी शिकण्याची रीत बहुतांशी हीच होती. थोरल्याने खेळायचे आणि धाकट्याने पाहायचे. यातला अडचणीचा भाग एवढाच, की थोरला खेळायचा थांबला की त्याचे शिकवणेही थांबते.

दिनकर बळवंत देवधर यांचे आयुष्य या अडचणीभोवती फिरले, असे आम्हांस वाटते. त्यांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. १९११ च्या सुमारास ते प्रथम श्रेणीच्या सामन्यांत दिसू लागले, आणि चाळीसच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला तरी ते फलंदाजी करीतच होते. व्यवसायाने ते संस्कृतचे प्राध्यापक. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने निघालेले आणि पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय झालेले जे विद्यालय, तेथे त्यांनी अध्यापन केले. पुण्यात त्यांच्या नावामागे प्रोफेसर ही पदवी कायमची चिकटली. ८१ प्रथम श्रेणी सामने, ४५२२ धावा, ९ शतके हा त्यांचा हिशेब. पस्तीस वर्षांच्या खेळाला हे आकडे थोडे वाटतील, पण त्या काळी अशा सामन्यांची संख्याच मुळी थोडी होती हे ध्यानात ठेवावे.

देवधरांच्या तरुणपणीचे पुणे खेळांच्या बाबतीत मोठे हौशी होते. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. या जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे धावपटू दोराबजी टाटांनी पाहिले, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची खटपट उभी राहिली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे गेले. यांपैकी मल्लांच्या मागे तालमीची आणि वस्तादाची परंपरा होती. धावपटूंच्या मागे अंगची कस आणि जिमखान्याची हौस याखेरीज फारसे काही नव्हते. क्रिकेटची अवस्था धावपटूंसारखीच होती.

इंग्लंडात हे चित्र निराळे होते, आणि तुलना केली तर आपले चित्र अधिक स्पष्ट होते. तेथे हौशी आणि धंदेवाईक अशी खेळाडूंची दोन कुळे होती. धंदेवाईक खेळाडू थकला की एखाद्या बड्या शाळेत त्याची शिक्षक म्हणून सोय लागे. यॉर्कशायरचा जॉर्ज हर्स्ट ईटनला गेला आणि विल्फ्रेड ऱ्होड्स हॅरोला. हौशींमध्ये सी. बी. फ्राय यांच्यासारखा बहुरंगी माणूस निघाला. लांब उडीत जागतिक विक्रमाची बरोबरी, इंग्लंडच्या संघातून फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही, आणि पुढे १९०८ पासून ‘मर्क्युरी’ या नाविक प्रशिक्षण नौकेवर मुलांना घडवण्याचे काम. खेळाडूपण आणि शिक्षकपण यांच्यामध्ये तेथे एक उंबरठा होता व तो ओलांडता येत असे.

आपल्याकडे हा उंबरठा नव्हता. म्हणून देवधर वर्गात शिक्षक होते आणि मैदानावर, पन्नाशी ओलांडली तरी, खेळाडू. मैदानावर त्यांना शिकवायचे असेल तर त्याची वाट एकच होती. ती म्हणजे संघात राहणे, आणि शक्य तर संघाचे नेतृत्व करणे.

या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतले टप्पे पाहावेत. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला. त्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून अकरा षटकारांसह १५३ धावा केल्या. ती खेळी दंतकथा बनली. त्याच महिन्यात देवधरांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या. वय चौतीस. पुढे दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. कसोटी खेळाडू ही उपाधी त्यांना कधीच मिळाली नाही. एखाद्याची कारकीर्द येथे संपली असती तर तक्रारीला जागा नव्हती.

देवधरांच्या कारकिर्दीचा उत्तम भाग मात्र येथून पुढे सुरू होतो. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. पहिली दोन वर्षे तो मुंबईने जिंकला. १९३९-४० मध्ये देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात युनायटेड प्रॉव्हिन्सेसला हरवले, आणि पुढच्या वर्षी मद्रासला. या संघात सांगलीचे विजय हजारे होते. १९३९-४० मध्ये पुण्याला बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. हजाऱ्यांना संस्थानिकांच्या आश्रयामुळे क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचे मार्गदर्शन लाभले होते, हे खरे. पैसे मोजून परदेशी शिक्षक आणणे राजेरजवाड्यांना परवडत असे. पण शिकलेले लावून पाहायला सामना लागतो, संघ लागतो, आणि तरुणाला पुरेसा वेळ खेळू देणारा कर्णधार लागतो. ते हजाऱ्यांना पुण्याच्या संघात मिळाले.

याच संघातून त्या वर्षी खंडू रांगणेकर पुढे आले. ते दुहेरी खेळाडू. क्रिकेटइतकेच बॅडमिंटनमध्येही नाव कमावलेले. ठाण्यातले बॅडमिंटनचे सभागृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या वर्षी ते मुंबईकडे गेले, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये पुण्याला महाराष्ट्राविरुद्धच उभे राहिले. त्या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्णधाराच्या २४६. मुंबईने उत्तर दिले ६५० चे. त्यांत रांगणेकरांच्या २०२. पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल ठरायचा, आणि ती आघाडी होती अवघ्या पंचवीस धावांची. आदल्या वर्षी आपल्याच संघात असलेला तरुण समोर द्विशतक ठोकतो, आणि सामना वाचतो तो वडीलधाऱ्याच्या द्विशतकाने, हे दृश्य क्रिकेटच्या इतिहासात विरळा. आमच्या मते देवधरांच्या शिकवण्याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही. यानंतर १९४४-४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतके केली.

या धावांकडे पाहून देवधरांच्या दीर्घायुषी तब्येतीचे कौतुक करण्याची पद्धत आहे. ते एकशे एक वर्षे जगले, २४ ऑगस्ट १९९३ रोजी वारले, तेव्हा कौतुक योग्यच. परंतु केवळ तब्येतीने हे स्पष्ट होत नाही. नागपुरात जन्मलेले आणि होळकरांच्या सैन्यात नोकरीला गेलेले सी. के. नायडू यांचेही तेच झाले. फुटबॉल आणि हॉकीही खेळलेला हा माणूस होळकर संघाचा कर्णधार म्हणून पन्नाशीनंतरही उभा होता, आणि १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशकडून रणजी सामन्यात त्याने ८४ धावा केल्या. एका पिढीतले दोन मोठे खेळाडू म्हातारपणापर्यंत पॅड बांधतात याचे कारण दोघांच्या हाडापेशींत शोधण्यापेक्षा त्यांच्या काळात शोधावे. शिकवण्याचे पद नव्हते, म्हणून त्यांनी खेळण्याचे पद सोडले नाही.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. खेळता खेळता शिकवण्याची मुभा कोणाला होती? देवधरांच्या आधीच्या पिढीत पाळवणकर बाळू पुण्याच्या मैदानावर खेळपट्टीची राखण करता करता आणि युरोपियनांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता मोठे झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना जातीमुळे कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, तेही १९२३ मध्ये, पुष्कळ वादंगानंतर. शिवराम, विठ्ठल, गणपत हे तिघेही भाऊ बाळूंच्या पाठोपाठ क्रिकेटमध्ये आले. म्हणजे बाळूंच्या घरी एक तालीमच चालली होती असे म्हणावे लागेल. त्यांना कोणी शिक्षक म्हटले नाही, कारण शिकवण्याचा अधिकार ज्या कर्णधारपदातून वा प्राध्यापकीतून येई, ती दोन्ही दारे त्यांना बंद होती. देवधरांचा मोठेपणा याने उणावत नाही. परंतु प्रोफेसर या एका उपाधीने मैदानावर किती वाटा आपोआप मोकळ्या होत, ते बाळूंच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. देवधरांनी घडवलेला संघ फार काळ एकत्र राहिला नाही. हजारे बडोद्याला गेले. चंदू सरवटे होळकरांकडे गेले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकरही पुढे होळकर संघात दिसतात. कारण उघड आहे. संस्थानिकाकडे नोकरी होती, पगार होता. महाविद्यालयाच्या आणि जिमखान्याच्या बळावर उभ्या असलेल्या संघाकडे मान होता, पण पोट भरण्याची हमी नव्हती. जे शिक्षण एका माणसाच्या नित्य हजेरीवर चालते, ते त्या माणसाबरोबर निवृत्त होते. १९४०-४१ नंतर महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या हंगामांत रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि तिन्ही वेळा हरला. या पराभवांना निरनिराळी कारणे असतील. तरीही देवधरांच्या मागे परंपरा उरली ती आठवणींच्या रूपात, पाठशाळेच्या रूपात नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

मैदानाबाहेर मात्र त्यांच्या घराने ही उणीव एका वेगळ्या खेळात भरून काढली. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही कन्या बॅडमिंटन खेळल्या, आणि चाळीसच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धांतून देवधर भगिनी हे नाव गाजले. मुलींनी मैदानात उतरणे समाजाला अजून पुरते रुचलेले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. स्वतः देवधर पुढे निवड समितीत, महाराष्ट्राच्या संघटनेत आणि नियामक मंडळात काम करीत राहिले, आणि क्रिकेटवर लिहीत राहिले. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३-७४ मध्ये त्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला. त्याची गंमत अशी, की तो मर्यादित षटकांच्या झटपट सामन्यांसाठी ठेवला गेला. ज्याची सारी विद्या दिवस दिवस खेळपट्टीवर उभे राहण्याची, त्याचे नाव घाईच्या खेळाला मिळाले.

शिक्षकी पेशातल्या वाचकांना हे सगळे फार अपरिचित वाटू नये. नुसते वर्गात उभे राहून शिकवणारे आणि स्वतः अजून वाचत, लिहीत, चुकत शिकवणारे, असे दोन प्रकार आपल्याही क्षेत्रात आहेत. दुसऱ्या प्रकारचे शिक्षक विद्यार्थ्याला जास्त देतात, पण त्यांचे देणे टिपून ठेवायला कोणी यंत्रणा नसते. देवधरांच्या बाबतीत धावफलक होता, म्हणून निदान २४६ हा आकडा तरी उरला.