टेप की कॉम्प्युटर? मामाच्या कॅसेटची गोष्ट

गेल्या महिन्यात मामाकडे माळा साफ करताना एक व्हिडिओ कॅसेट सापडली. सगळ्यांना वाटलं, असेल कुणाच्या तरी लग्नाची. पण खोक्यावर मामाच्या अक्षरात लिहिलं होतं: १ ढोलकी, २ तबला, ३ पेटी... ७ आवाज, ८ रिकामा. मामाने १९९८ साली मुंबईतल्या एका छोट्या स्टुडिओत आपली चार गाणी रेकॉर्ड केली होती, ती ही!

"अरे मामा, ९८ साली कॉम्प्युटर होते की!"

"होते रे. स्टुडिओवाल्याने विचारलंही होतं, टेपवर करायचं की कॉम्प्युटरवर. मी म्हटलं टेप."

का म्हटलं, ते त्याला आता आठवत नाही. माझे मात्र दोन रविवार त्या प्रश्नाने खाल्ले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही टेप डिजिटल. 'टेपचा तो ऊबदार आवाज' वगैरे गप्पा इथे बाद, कारण हिच्यावर शून्य आणि एकच लिहिलेले असतात, कॉम्प्युटरच्या डिस्कवर असतात तसेच. मग व्हिडिओची कॅसेट कशाला? तर डिजिटल आवाजाचा डेटा प्रचंड, आणि ७० च्या दशकात तो तेवढ्या वेगाने लिहू शकणारं, त्यातल्या त्यात परवडणारं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. सीडीचा ४४,१०० हा विचित्र आकडा तिथूनच आला. टीव्हीच्या चित्राच्या एका फील्डमधल्या वापरायच्या २४५ ओळी, दर ओळीत ३ सँपल, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार. (इंजिनिअरिंगला मी हा आकडा नुसता पाठ केला होता. हे कुणी सांगितलं असतं तर पाठ करावा लागला नसता!)

बड्या स्टुडिओंसाठी ३एम आणि सोनीची डिजिटल टेप मशीन होती. राय कूडरचा १९७९ चा 'बॉप टिल यू ड्रॉप' ३एमच्या मशीनवर झाला. पण किंमत लाख डॉलरच्या पुढे. आपल्यासारख्यांनी नुसतं बघायचं.

मग अमेरिकेतल्या अलेसिस कंपनीने १९९१ मध्ये एडॅट जाहीर केलं आणि १९९२ मध्ये ते दुकानात आलं. साधी एस-व्हीएचएस कॅसेट, आठ ट्रॅक, किंमत ३,९९५ डॉलर. १२० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम ४० मिनिटं मावायची, पण मशीनला मशीन जोडत १२८ ट्रॅकपर्यंत जाता यायचं. त्याच १९९१ साली डिजिडिझाइनचं प्रो टूल्स आलं. त्यात चार ट्रॅक, किंमत सुमारे ६,००० डॉलर, आणि वर मॅक आणि हार्ड डिस्क आपली आपण आणायची.

आता आपल्या पद्धतीने हिशोब. १६ बिट, ४८,००० सँपल, ८ ट्रॅक, म्हणजे सेकंदाला ७६८ केबी. चाळीस मिनिटांचे झाले १.८ जीबी. १९९२ च्या घरगुती कॉम्प्युटरची डिस्क असायची १०० एमबीच्या आसपास. म्हणजे चार मिनिटांचं एक गाणंसुद्धा मावायचं नाही! त्या साली मी असतो तर डोळे झाकून एडॅट घेतलं असतं.

कॉम्प्युटरकडे एकच हुकमाचा पत्ता होता: अनडू. टेपवर पुन्हा रेकॉर्ड केलं की खालचं पुसलं, संपलं. ढोलकीवाला एका ठिकाणी चुकला तर पुन्हा वाजवून घ्या, नाहीतर तसंच ठेवा. दुसऱ्या अंतऱ्यातला चांगला तुकडा उचलून पहिल्यात टाकायचा तर दुसरं मशीन आणून कॉपी करत बसा. कॉम्प्युटरवर तेच कट-पेस्ट, आणि मूळ रेकॉर्डिंग जागच्या जागी. पण मला वाटतं, टेपमुळे माणसं त्या क्षणी निर्णय घ्यायची. ॲलनिस मोरिसेटचा 'जॅगेड लिटल पिल' (१९९५) ग्लेन बॅलार्डच्या घरच्या स्टुडिओत एडॅटवर झाला. ज्या दिवशी गाणं सुचलं त्या दिवशी डेमो म्हणून गायलेला आवाजच बऱ्याच गाण्यांत शेवटपर्यंत राहिला.

चारच वर्षांत वारं फिरलं. डिस्क स्वस्त झाल्या, प्रोसेसर पळायला लागले. १९९९ मध्ये रिकी मार्टिनचं 'लिव्हिन ला विदा लोका' बिलबोर्डवर पहिलं आलं. पूर्णपणे प्रो टूल्समध्ये केलेलं ते पहिलं नंबर एकचं गाणं. २००१ मध्ये खुद्द अलेसिसने टेप सोडून हार्ड डिस्कवर २४ ट्रॅक घेणारं मशीन काढलं, आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. गंमत म्हणजे आजही ऑडिओ इंटरफेसच्या पाठीवर 'एडॅट' लिहिलेलं एक चौकोनी भोक असतं. एका प्रकाशाच्या केबलमधून आठ ट्रॅक. मशीन गेलं, भोक राहिलं :)

असो. मामाच्या कॅसेटसाठी चालू एडॅट शोधायला तीन आठवडे गेले. या टेपची खोड अशी की ती ॲनालॉगसारखी हळूहळू खराब वाजत नाही. थोड्या चुका मशीन गुपचूप दुरुस्त करतं, जास्त झाल्या की अंदाजाने भरतं, आणि मग एकदम गप्प. आमच्या टेपवर सातव्या ट्रॅकमध्ये अकरा सेकंद गप्प निघाले. (पण मामाने कॉम्प्युटर निवडला असता तर? ९८ ची डिस्क आज फिरली असती आणि ती सेशन फाईल उघडली असती, यावर मी तरी पैज लावणार नाही.)

बाकी सगळं लख्ख. ढोलकी तर आत्ता बाहेरच्या खोलीत वाजतेय असं वाटावं. आठही ट्रॅक वेव्ह फाईल करून लॅपटॉपवर घेतले, कच्चं मिक्सिंग करून मामाला पाठवलं. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज:

"दुसऱ्या अंतऱ्यात ढोलकी जरा घाई करते. तेव्हाच सांगणार होतो, पण स्टुडिओची वेळ संपली होती. आता होईल का मागे?"