चढण आणि उतरण : दोन रात्रींची वाटचाल

पुणे जिल्ह्यात शिरूर व कोरेगाव भीमा यांच्या दरम्यान शिक्रापूर लागते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याची सुमारे ८०० लोकांची तुकडी दोन तोफांसह शिरूरहून निघाली आणि सुमारे ४० किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावासमोर येऊन ठेपली. पुढे दिवसभर लढाई झाली. हा मुलूख माळरानाचा. येथील चढउतार सौम्य. अशा वाटेवर श्रमाचे माप अंतराने करता येते.

सह्याद्रीत हे माप निरुपयोगी ठरते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडास गेले, तेही रात्रीच. अंतर सुमारे ६० किलोमीटर. पण आरंभीच भर पावसात, अंधारात गडाची उतरण, मग पठारे, ओढे व खिंडी, आणि शेवटी सुर्वे-दळव्यांचा वेढा फोडून पुन्हा गडाची चढण! घोडखिंडीत बाजीप्रभू व त्यांचे सोबती उभे ठाकले, ते अशी वाट तुडवून थकलेल्या पायांनी. इतिहासात त्यांच्या तलवारीचे वर्णन होते. पायांचा विचार क्वचितच होतो.

चढताना माणूस प्रत्येक पावलास आपलाच देह उचलीत असतो. ६० किलो वजनाचा मनुष्य ३०० मीटर चढला, तर केवळ उचलण्याचे काम सुमारे ४२ किलोकॅलरी भरते. आणि स्नायू खर्चिलेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावीत असल्यामुळे प्रत्यक्ष खर्च त्याच्या चौपट होतो. म्हणून चढणीवर छाती भरून येते.

उतरताना श्वास शांत राहतो. १९५२ साली ॲबट, बिगलँड व रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे फिरवावयाचे, दुसऱ्याने ते अडवावयाचे. अडविणाऱ्यास प्राणवायू फारच कमी लागतो, असे दिसून आले. उतरणारा हेच करतो. तो आपल्या देहाचा वेग अडवितो. मात्र या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर धरतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि वेदना एकदोन दिवसांनी शिगेस पोहोचते. गुडघ्यांवर भार पडतो तो निराळाच. ओल्या दगडावर थकलेला पाय घसरतो, तेथे दमापेक्षा तोलाची कसोटी लागते.

या इजेवर एक उपाय निसर्गानेच ठेविला आहे : सराव. एकदा उतरण सोसलेला स्नायू पुढे काही आठवडे तीच उतरण पुष्कळ कमी त्रासाने सोसतो. डोंगरात नित्य चढउतार करणाऱ्या मावळ्यांस हे बळ रोजच्या जगण्यातूनच लाभले असले पाहिजे. तेव्हा त्यांच्या पराक्रमाचे मोल करताना चढणीइतकाच उतरणीचाही हिशेब मांडणे न्याय्य होय.