गीझर कुरकुरतो तेव्हा...

नळ बंद करताच भिंतीत 'धप्प' असा ठोका पडतो, पहाटे पाणी आले की नळ फुरफुरतो आणि गीझर तापू लागताच आतून तडतड ऐकू येते. बहुमजली इमारतींतील रहिवाशांच्या हे आवाज अंगवळणी पडलेले असतात. मात्र, यातील सर्वांत मोठा आवाज सर्वांत धोकादायक असतोच असे नाही.

नळाची फुरफुर ही पाइपमध्ये शिरलेल्या हवेची. ती काही वेळात आपोआप थांबते. भिंतीतील ठोक्याला 'जलाघात' म्हणतात. वाहते पाणी एकाएकी अडले की दाबाची लाट पाइपमधून उलट धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोवस्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये त्याचे गणित मांडले. घरात बहुधा वॉशिंग मशिनचा झटकन मिटणारा व्हॉल्व्ह याला कारणीभूत असतो. मशिनचा नळ थोडा कमी उघडावा आणि पाइपचे सैल क्लॅम्प आवळून घ्यावेत.

गीझरची तडतड क्षारांमुळे होते. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा थर हीटिंग एलिमेंटवर बसतो. या थरात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात. तातडीचा धोका नसला, तरी दुर्लक्ष केल्यास वीज वाया जाते आणि अखेर एलिमेंट जळते. जाणकाराकडून टाकी साफ करून घेणे हाच उपाय.

खरी गल्लत होते ती सेफ्टी व्हॉल्व्हबाबत. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापले की सुमारे अर्धा लिटरने प्रसरण पावते. त्यामुळे तापताना व्हॉल्व्हमधून 'सुस्स' असा आवाज येणे, थेंब गळणे स्वाभाविक आहे. फरशी ओली होते म्हणून काही जण तेथे चक्क बूच मारतात! थर्मोस्टॅट बिघडला, तर बंदिस्त टाकीतील पाणी १०० अंशांपुढेही तापत राहते आणि टाकी फुटल्यास त्यातील काही पाण्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापणारी ही वाफ भिंतही पाडू शकते.

म्हणूनच नेहमीचा वेळ उलटूनही दिवा विझत नसेल, आत खळखळ सुरू असेल किंवा नळातून वाफ येत असेल, तर मुख्य स्विच बंद करावा. गरम पाण्याचा नळ उघडू नये. टाकी थंड होऊ द्यावी आणि तंत्रज्ञाला बोलवावे.

गॅस गीझरच्या बाबतीत कानांवर विसंबून चालत नाही. पेटताना 'भप्प' असा आवाज आल्यास बर्नर तपासून घ्यावा हे खरे. पण कोंदट न्हाणीघरात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना आवाज असतो, ना वास. हा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.