वेसाव्याच्या विद्यार्थ्याने धोरणात पडावे

हवामान बदल आणि विद्यार्थी हा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येते. विद्यार्थ्यांनी जनजागृती करावी, किनारे स्वच्छ करावेत, झाडे लावावीत. विज्ञान शास्त्रज्ञांनी पाहावे आणि धोरण सरकारने ठरवावे. पदव्युत्तर वर्गात दोन वर्षांसाठी आलेल्या मुलाला तीस-तीस वर्षांच्या हवामानातले काय कळणार? अपुऱ्या माहितीवर तो धोरणाबद्दल बोलू लागला तर गोंधळच वाढेल. प्राध्यापक, पालक आणि कितीतरी विद्यार्थीही हे प्रामाणिकपणे मानतात. हा पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. आणि ते मुंबईच्या वर्सोव्यातून, म्हणजेच वेसाव्यातून द्यावे, कारण या मताच्या बाजूने दाखला दिला जातो तो बहुधा वर्सोव्याच्याच किनाऱ्याचा.

ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोझ शाह या वकिलांनी आपल्या वृद्ध शेजाऱ्यासोबत इथला कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे हजारो हात लागले, त्यांत विद्यार्थ्यांचेही होते. मार्च 2018 मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण विद्यार्थ्याने इथेच थांबावे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण 29-30 अंशांच्या पुढे माद्यांचे प्रमाण वाढत जाते. वाळू फारच तापली तर पिल्ले अंड्यातच मरतात. झाडूने वाळू स्वच्छ होते, थंड होत नाही.

उष्णतेत आपला वाटा किती, याचा हिशेब मार्च 2022 मध्ये जाहीर झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्यात आहे. 2019 साली शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन होते. त्यातले सुमारे 72 टक्के इमारती-उद्योगांच्या ऊर्जावापराचे, 20 टक्के वाहतुकीचे आणि 8 टक्के कचऱ्याचे. त्या 8 टक्क्यांतही मुख्य प्रश्न कचराभूमीत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनचा आहे, किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचा नव्हे. विद्यार्थ्याला आपण ज्या कामाला जुंपले, त्याचा हवामानाशी संबंध असा सर्वांत कमी आहे.

आता 'विज्ञान शास्त्रज्ञांनी पाहावे' हा मुद्दा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान 1901 ते 2012 या काळात सुमारे 1.2 अंशाने वाढले. हे झाले अख्ख्या समुद्राचे. पण त्या वाढीने वेसाव्याच्या डोल जाळ्यात येणाऱ्या बोंबलाचे काय केले? तो लवकर गाभोळीला येतो का, लहानपणीच पकडला जातो का? याचे उत्तर बंदरावर उतरलेल्या मासळीची लांबी मोजून आणि पोट उघडून पाहिल्यावरच मिळते, कारण उपग्रहाला माशाचे पोट दिसत नाही. नेमके हेच काम मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात शिकतो. आणि तो विद्यार्थी वर्सोव्यातच आहे: यारी रोडजवळची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासूनची, 1989 पासून ती अभिमत विद्यापीठ आहे.

या मोजमापावर धोरण उभे असते. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळी समुद्रातली सुरक्षितता आणि माशांचे प्रजनन, ही त्यामागची कारणे. महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले, तेही मासा कोणत्या लांबीला प्रौढ होतो हे पाहून. समुद्र तापून प्रजननाचा काळ सरकला किंवा प्रौढ होण्याची लांबी घटली, तर या तारखा आणि हे आकडे पुन्हा तपासावे लागतील. तेव्हा पुरावा कुठून आणणार? विद्यार्थ्याला मोजू द्यायचे आणि त्या मोजमापाचा अर्थ सांगू द्यायचा नाही, ही विभागणी टिकणारी नाही.

दोन वर्षांचा आक्षेप त्याहून कच्चा आहे. अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत. त्या कुणा एका माणसाने घेतलेल्या नाहीत. माणसे बदलली, नोंदवही पुढे गेली. वेसाव्यातही दर वेळी तेच बंदर, तीच पद्धत, उधाणाला एकदा आणि भांगाला एकदा मासळीची मोजणी, आणि जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीच्या हाती दिलेली वही: इतके जमले तर दहा-पंधरा वर्षांत असा ऐवज उभा राहील की त्याच्यापुढे कुणालाही अंदाजाने बोलता येणार नाही. त्यात डोलकरांची स्मरणातली माहिती जोडली पाहिजे. ती घेतल्याशिवाय केलेला अभ्यास अर्धाच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले धोरण. 2019 मध्ये वानुआतूतल्या पोर्ट व्हिला इथे, साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवले की हवामानाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगावे. त्यांनी आपल्या सरकारांना पटवले. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला आणि 23 जुलै 2025 रोजी हेगच्या न्यायालयाने मत दिले: हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडण्याला कायदेशीर परिणाम आहेत. अनुभव कमी म्हणून हे विद्यार्थी गप्प बसले असते, तर हा प्रश्न कदाचित न्यायालयापुढे गेलाच नसता.

अपुऱ्या माहितीची भीती तर निराधारच आहे. विद्यार्थ्याची सूचना म्हणजे आदेश नव्हे. चुकीची असेल तर ती फेटाळता येते. न विचारलेल्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळत नाही. मुंबईच्या आराखड्यातच पाहा. ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हरित आच्छादन व जैवविविधता, हवेची गुणवत्ता, पूर व जलव्यवस्थापन असे त्याचे सहा विभाग आहेत. मासेमारीला स्वतंत्र विभाग नाही. ज्या शहराचे मूळ रहिवासी कोळी, त्या शहराच्या आराखड्यात हे घडले. किनारा व्यवस्थापनाचे मसुदे आणि नकाशे सूचनांसाठी खुले होतात, तेव्हा कोळीवाड्याची हद्द, बोंबील सुकवायची जागा आणि होड्या शाकारायची जागा त्यात आली का, हे तपासायला नकाशा वाचता येणारी तरुण माणसेच लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले, आणि पदवीच्या वर्गांत तो आलाही. प्रकल्पवहीत चित्रे चिकटवण्यासाठी ती सक्ती नव्हती. म्हणून वर्सोवा-अंधेरीतल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: आराखडा मिळवा, वाचा, वेसाव्याच्या बंदरावर जाऊन ताडून पाहा, आणि मासेमारीसाठी सातवा विभाग मागणारे निवेदन पुराव्यासह महापालिकेकडे द्या.