न्यूयॉर्कच्या तबकडीवरचा मुंबईचा आवाज

मराठी माणूस गाण्याचा इतिहास लिहायला बसला की त्याच्यापुढे काही ठरलेली दालने असतात. नाट्यसंगीत, ख्यालगायकी, भावगीत, लोकसंगीत आणि चित्रपटगीत. या दालनांत न बसणारा गायक दाराबाहेरच राहतो. माझ्या कपाटात संगीतविषयक मराठी पुस्तके बरीच आहेत. शिरपूरसारख्या गावात राहून जमवता आली तेवढी जमवली. त्यांपैकी एकाही पुस्तकाच्या नामसूचीत आशा पुथली हे नाव मला सापडले नाही. आणि ही बाई जन्माने, वाढीने मुंबईची. अमेरिकेतल्या जाझ, सोल आणि रॉक संगीतात साठ-सत्तरच्या दशकांत स्वतःचा ठसा उमटवणाऱ्या मोजक्या भारतीय गायकांत तिची गणना करावी लागते. त्यांची ओळख करून देणे आणि त्या निमित्ताने आपल्या दालनांकडे पुन्हा पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू.

आशा पुथली यांचा जन्म १९४५ चा. लहानपणी त्या हिंदुस्थानी शास्त्रीय गाणे शिकल्या आणि त्याबरोबर पाश्चात्त्य ऑपेराचेही शिक्षण घेतले. हे ऐकताना अनेकांना नवल वाटते, पण त्या काळची मुंबई ध्यानात घेतली तर नवल उरत नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्या संगतीत गोव्याचे ख्रिस्ती वादक तयार झाले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलांत जाझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतले गाजलेले नाव. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, याच मंडळींना हाताशी धरून १९५१ च्या ‘अलबेला’चे संगीत केले. ती गाणी खानदेशातल्या लग्नांच्या वरातीत बँडवाल्यांनी किती वर्षे वाजवली, ते आमच्या पिढीला सांगायला नको. म्हणजे जाझची लय तापीकाठी कधीच येऊन पोहोचली होती. फक्त ती हिंदी शब्दांचा शेला पांघरून आली, म्हणून आपण तिला आपली मानले.

पुथलींनी तो शेला घेतला नाही. त्या थेट इंग्रजीत गाऊ लागल्या. १९६८ च्या सुमारास ‘द सर्फर्स’ या गटाबरोबर त्यांची एक छोटी तबकडी निघाली. त्याच काळात वेद मेहता हे लेखक भारतभर फिरत होते. मुंबईत त्यांनी या मुलीचे जाझ गाणे ऐकले आणि १९७० मध्ये आलेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या आपल्या ग्रंथात तिच्याविषयी लिहिले. मधल्या काळात पुथलींनी विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी केली. पुढे मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कला गेल्या. गाण्यासाठी म्हणून परदेशी जाण्याची वाट त्या काळी मध्यमवर्गीय मुलीला नव्हतीच. नोकरी आणि नृत्य या दोन खिडक्यांतून त्यांनी ती काढली.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचे गाणे जॉन हॅमंड यांच्या कानी गेले. बिली हॉलिडे, अरेथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारा हा कोलंबिया कंपनीचा पारखी माणूस. त्यांनी पुथलींना ऑर्नेट कोलमन यांच्याकडे धाडले. १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९७२ मध्ये निघालेल्या कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीवर पुथलींची दोन गाणी आहेत. साथीला डॉन चेरी, चार्ली हेडन, ड्युई रेडमन, एड ब्लॅकवेल असे एकाहून एक वादक. ‘डाउनबीट’ या जाझच्या जुन्या नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात पुढे गायिका म्हणून त्यांचे नाव आले.

कोलमन यांना हाच आवाज का चालला, याचा विचार करण्यासारखा आहे. नेहमीच्या जाझमध्ये गायकाच्या पायाखाली स्वरसंघांची, म्हणजे कॉर्डची, ठरलेली फरसबंदी असते. प्रत्येक पाऊल त्या फरशीवर पडावे लागते. कोलमन यांनी ती फरसबंदीच उखडली होती. पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेला गायक अशा ठिकाणी भांबावतो, कारण कोणता स्वर बरोबर हे सांगणारे खाली काही नसते. आपल्या शास्त्रीय गाण्यात ती फरसबंदी पहिल्यापासूनच नाही. तंबोऱ्याचा षड्ज धरायचा आणि बाकी वाट आपली आपण काढायची. ताल मागे ठेवून स्वर लांबवणे, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने जाणे, हे तिथे रोजचेच. ही दोन गाणी मी अनेकदा ऐकली आहेत. त्यांत राग नाही, तान नाही, भारतीय म्हणून दाखवावे असे काहीच नाही. तरी मागे ढोल आणि शिंगे बेभान धावत असताना हा आवाज संथपणे आपला स्वर सोडत नाही. माझ्या मते ती आपल्याकडच्या रियाजाची कमाई आहे.

यानंतर कंपनीने त्यांना जाझमधून सोल आणि रॉककडे वळवले. १९७३ ची ‘आशा पुथली’ ही तबकडी डेल न्यूमन यांच्या देखरेखीखाली झाली. तीत जॉर्ज हॅरिसनचे एक गाणे आहे, बिल विदर्स या सोल गायकाचे आहे, जे. जे. केलचेही आहे. मूळ गायकांची नक्कल कुठेच नाही. सोल म्हटले की चर्चमधून आलेला, छाती फोडून निघणारा आवाज आपल्यापुढे उभा राहतो. पुथली याच्या उलट टोकाला गेल्या. श्वास, कुजबूज, हसू, मध्येच वर झेपावणारा बारीक स्वर, अशा साधनांनी त्यांनी तोच भाव आणला. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’मधले ‘स्पेस टॉक’ हे गाणे या रीतीचे टोक. डेव्हिड मँकूसो यांच्या ‘द लॉफ्ट’ या न्यूयॉर्कमधल्या नाचघरात ते फार वाजले.

मग मोठे यश का आले नाही? मला दिसते ते असे. सतारीच्या वेडाचा तो काळ होता. अमेरिकी गिऱ्हाइकाला भारत म्हणजे उदबत्ती आणि सतार हवी होती. साडी नेसलेली पण इंग्रजीत सोल गाणारी बाई दुकानाच्या कोणत्या फळीवर ठेवायची, हे विक्रेत्याला कळत नव्हते. इकडे भारतात तिला पाश्चात्त्य म्हणून बाजूला काढले. दोन्ही दुकानांत फळी नव्हती.

गाणे मात्र फळीवाचून जगले. पुढे अमेरिकेत जुन्या तबकडीतला तुकडा उचलून त्यावर नवे गाणे बांधण्याची रीत आली. १९९७ मध्ये, द नटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या खुनानंतर अवघ्या काही दिवसांत त्याची ‘लाइफ आफ्टर डेथ’ ही तबकडी बाजारात आली आणि प्रचंड खपली. तिच्यातल्या एका गाण्याखाली ‘स्पेस टॉक’ वाजते. ते ऐकणाऱ्या लाखोंना हा आवाज मुंबईचा आहे याची कल्पनाही नसणार. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुथली पुन्हा गायल्या. साथीला जुने ड्युई रेडमन होते. त्यानंतर काही आठवड्यांतच रेडमन गेले. २०२२ मध्ये ब्रायटनच्या मिस्टर बाँगो कंपनीने पुथलींच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला.

खानदेशातला माणूस या सगळ्यात का डोके घालतो, असे मला विचारतात. आमच्या बहिणाबाईंची ओवी १९५१ पर्यंत शेतात आणि जात्यावर होती. सोपानदेवांनी ती टिपून ठेवली, अत्र्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. टिपणारा माणूस नसता तर असोद्याची ती लेक मराठी साहित्याच्या कोणत्याही सूचीत नसती. कविता मात्र तेवढीच थोर असती. पुथलींच्या बाबतीत उलटे झाले. गाणे तबकडीवर पक्के टिपलेले आहे, टिपण नाही ते आपल्या बाजूने. इंग्रज, जर्मन, अमेरिकी लोकांनी त्यांच्यावर लिहिले.

पुथलींची मातृपरंपरा मराठी नाही, मग त्या आपल्या कशा, असाही प्रश्न येईल. चिक चॉकलेट तरी कुठे मराठी होते? पण त्यांचे ट्रंपेट वजा केले तर ‘अलबेला’ उरत नाही, आणि ‘अलबेला’ वजा केला तर आमच्या वरातीतला बँड उरत नाही. मुंबईने जे घडवले त्याचा हिशेब मराठीत ठेवायचा असेल तर पूर्ण ठेवावा. मुंबईच्या जाझवर इंग्रजीत पुस्तके झाली आहेत. त्या पिढीचे वादक, गायक, ध्वनिमुद्रक यांतले जे आज हयात आहेत ते वयोवृद्ध आहेत. कुणा तरुणाने त्यांच्याकडे जाऊन मराठीत टिपणे काढायची ठरवली, तर माझ्याकडची कात्रणे आणि तबकड्या त्याच्यासाठी मोकळ्या आहेत. शिरपूर मुंबई-आग्रा रस्त्यावरच आहे.