मार्फा गावचे न उठणारे प्रदर्शन

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाकडे, उंच माळरानावर, मार्फा नावाचे एक लहानसे गाव आहे. मेक्सिकोची सरहद्द तेथून सुमारे शंभर किलोमीटर. १८८० नंतरच्या दशकात आगगाडीच्या इंजिनांना पाणी भरण्याचे ठाणे म्हणून ते वसले. पुढे गुरांचा व्यापार आणि १९११ पासून लष्कराची छावणी यांवर त्याचा प्रपंच चालला. १९४६ मध्ये छावणी उठली व गावाची कळा गेली. आजही तेथील वस्ती दोन हजारांच्या आतच आहे. अशा या गावी विसाव्या शतकातील न्यूनतमवादी व संकल्पनावादी कलावंतांचे सामुदायिक प्रदर्शन मांडले गेले आणि ते अद्याप उठलेले नाही. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रदर्शनाचा कर्ता डोनाल्ड जड. जन्म १९२८ चा. आपल्या कलेस इतरांनी लावलेले 'न्यूनतम' हे विशेषण त्याला कधीच रुचले नाही. त्याची खरी तक्रार मात्र संग्रहालयांविषयी होती. प्रदर्शने घाईने मांडावयाची, काही आठवड्यांत गुंडाळावयाची आणि त्या ने-आणीत कृतींची हानी व्हावयाची, हा क्रम त्याला असह्य झाला. कृती, इमारत आणि भोवतालची भूमी ही तिन्ही मिळून एक वस्तू होते, असे त्याचे मत होते. १९७१ मध्ये तो मार्फास आला आणि १९७३ पासून तेथे जागा घेऊ लागला. पुढे दिया आर्ट फाउंडेशनच्या द्रव्यसाहाय्याने जुनी छावणी हाती आली. त्या संस्थेशी मतभेद झाल्यावर १९८६ मध्ये चिनाती फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

तोफखान्याच्या दोन मोठ्या कोठारांत जडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या शंभर पेट्या आहेत. प्रत्येकीचे बाह्य माप एकच : ४१ × ५१ × ७२ इंच. आतील रचना मात्र प्रत्येकीची निराळी. कोठारांच्या दारांच्या जागी त्याने काचेच्या मोठ्या खिडक्या बसविल्या. त्यामुळे माळावरील ऊन जसजसे सरकते, तसतसे त्या पेट्यांचे रूप पालटते. दुसऱ्या महायुद्धात येथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते. त्यांच्यासाठी भिंतींवर लिहिलेल्या जर्मन सूचना जडने पुसल्या नाहीत. बाहेर मोकळ्या माळावर त्याच्याच काँक्रीटच्या कृतींचे पंधरा समूह रांगेने उभे आहेत. गावातील लोकरीच्या जुन्या गोदामात जॉन चेंबरलेनने मोटारींच्या चेपलेल्या पत्र्यांतून घडविलेली शिल्पे आहेत. १९९३ मध्ये इल्या काबाकोव्हने एका बराकीत ओसाड पडलेली सोव्हिएत शाळा उभी केली. डॅन फ्लेव्हिनच्या रंगीत ट्यूबलाइटांची योजना सहा बराकींत २००० साली पूर्ण झाली. तोपर्यंत जड (१९९४) आणि फ्लेव्हिन (१९९६) दोघेही निवर्तले होते.

आपल्या देवालयांत अचल मूर्ती आणि उत्सवमूर्ती असा भेद असतो. एक गर्भगृहातून हलत नाही. दुसरी पालखीत बसून लोकांकडे जाते. जडची कला देवपूजेची नव्हे. परंतु तिची वृत्ती अचल मूर्तीची आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. पाहणाऱ्याने तिच्याकडे चालत जावे, ती त्याच्याकडे येणार नाही. १५६० च्या सुमारास श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास न्यावे लागले, हे ज्या समाजाच्या स्मरणात आहे, त्याला स्थानाचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु स्थान केवळ वस्तूचे नसते. ते तेथील माणसांचेही असते. मार्फात मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती मोठी आहे. कलाप्रवाशांचा ओघ वाढला तशा घरांच्या किमती चढल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कित्येकांस गावात घर परवडेनासे झाले. याच गावी ब्लॅकवेल नावाची शाळा १९०९ पासून १९६५ पर्यंत चालली. मेक्सिकन वंशाच्या मुलांना तेथे वेगळे बसवीत आणि स्पॅनिश बोलल्यास शिक्षा करीत. १९५४ मध्ये मुलांकडून स्पॅनिश शब्द चिठ्ठ्यांवर लिहवून घेतले, त्या चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि त्या भाषेचे लटके दफन करविले. पुढे माजी विद्यार्थ्यांनीच ती इमारत पाडू दिली नाही. २०२२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. जडच्या शंभर पेट्या पाहून परतणाऱ्याने या एका पेटीचीही आठवण ठेवली पाहिजे.

आपल्याकडे या वळणाची साधना बडोद्यास झाली. नसरीन मोहमदी यांनी १९७२ पासून १९९० मधील आपल्या निधनापर्यंत तेथील ललितकला विभागात अध्यापन केले आणि शाई-पेन्सिलीच्या बारीक रेषांतून फार थोड्यात फार काही साधले. त्यांच्यामागे छावणी नव्हती की धनाढ्य संस्था नव्हती. होते ते टेबल आणि कागद. म्हणून मार्फाची थोरवी विस्ताराने मोजू नये. एखादी कृती जेथे शोभते तेथे ती टिकविणे, ही मोठीच सेवा होय. पण तिच्या छायेत शेजाऱ्याचे घर आणि शेजाऱ्याची भाषाही टिकली पाहिजे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर नांदणाऱ्या आमच्या वाचकांस हे विशेष पटावे.